वर्गातील पाहुणा : शालेय क्षेत्रसंशोधनातील एक पेच

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत वही घेऊन शिरणारा परका मनुष्य मुलांच्या लेखी 'साहेब' असतो. संशोधक स्वतःस काहीही म्हणवून घेवो, तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याची छाया त्याच्यावर पडतेच. गुरुजी चुणचुणीत मुलांस पुढे बसवितात; आणि सोबत्याला 'व्हय, काल गेल्तो' म्हणणारा मुलगा पाहुण्यापुढे 'होय, काल गेलो होतो' असे पुस्तकी वळणाने बोलू लागतो. कोणी निरीक्षण करीत नसताना लोक कसे बोलतात, हे जाणण्यासाठी निरीक्षणच करावे लागते. विल्यम लबॉव्ह यांनी १९७२ मध्ये मांडलेला हा 'निरीक्षकाचा विरोधाभास' येथे पदोपदी प्रत्ययास येतो. महिनोन्महिने मागच्या बाकावर बसून राहणे, हा त्यावरचा रूढ उपाय. परंतु तो साधला की नीतीचा प्रश्न उभा राहतो. मुले संशोधकाला विसरली, म्हणजे आपले बोलणे टिपले जात आहे हेही विसरली. मग आरंभीच्या संमतीस कितपत अर्थ उरला?

मुळात ती संमती तरी कोणाची? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. संशोधनास काही अटींवर सवलतही आहे. कागद पुरा होतो. पण ऊसतोडणीच्या हंगामात कोप्यांत उतरलेल्या कुटुंबाकडे संशोधक मुकादमाच्या ओळखीने गेला, तर ज्याची उचल अंगावर आहे त्याच्यासमोर 'नाही' म्हणणे मजुरास सोपे नसते. मुलाची गतही तीच. शाळेत विचारलेली गोष्ट त्याला आज्ञाच वाटते.

नावे बदलण्याचा उपायही अपुरा पडतो. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. त्यांतील एखादीचे 'दोनशिक्षकी कन्नड शाळा' असे वर्णन केले की आसपासचे लोक ती ओळखतात. हे तपशील गाळावेत, तर घरची भाषा आणि वर्गाची भाषा यांविषयीचे विवेचनच पांगळे होते. व्हेरोनिक बेनेई यांचा 'स्कूलिंग पॅशन्स' (२००८) हा ग्रंथ कोल्हापूरचे नाव लपवीत नाही. पण अनेक शाळांचे शहर वेगळे आणि एका शाळेची वाडी वेगळी.

याहून कठीण प्रसंग छडीचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेस मनाई आहे. ती पाहून संशोधक गप्प राहिला तर शाळेचे दार उघडे राहते. बोलला तर बहुधा मिटते. अशा वेळी शास्त्रीय तटस्थतेचा आधार घेणे लंगडे आहे. गोपनीयतेचे वचन मुलाच्या इजेपाशी संपते, हे गुरुजींस पहिल्याच दिवशी सांगावे. त्यामुळे वर्ग काही काळ कृत्रिम होईल, नोंदी निकृष्ट उतरतील. त्या तशाच छापाव्यात आणि निकृष्ट का, तेही लिहावे.