आमच्या माळांवर पूर्वीं अरण्य होतें काय?

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतून पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रवास करणाऱ्या मनुष्यास एकाच दिवसांत दोन निराळ्या देशांचें दर्शन घडतें. महाबळेश्वर, कोयनेचें खोरें व चांदोली येथें डोंगर दाट झाडीनें झांकलेले असतात. आणि तोच मनुष्य सायंकाळीं दहिवडी, आटपाडी किंवा जत येथें पोहोंचला, म्हणजे लांबच लांब उघडे माळ, त्यांवर पिवळें गवत व मधून मधून एखादी बाभूळ एवढेंच त्याच्या दृष्टीस पडतें. हा देखावा पाहून पुष्कळ लोक हळहळतात व म्हणतात कीं, पूर्वीं येथेंही घनदाट अरण्य होतें. माणसानें कुऱ्हाड चालविली आणि त्याचा असा माळ झाला. हें म्हणणें इतकें रूढ झालें आहे कीं, त्यास पुरावा काय, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तोच प्रश्न विचारणार आहों. जुनें रान कसें होतें हें कोणत्या साधनांनीं कळतें, त्या साधनांवर कितपत विश्वास ठेवावा, आणि त्यांवरून आपल्या प्रदेशाविषयीं काय ठरतें, हें क्रमानें पाहूं.

प्रथम पावसाचा विचार करूं. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारें साठ मैलांवर माण तालुक्यांत तोच वीस इंचांच्या आसपास येतो. सह्याद्रीची भिंत ढगांतील पाणी आपल्याच माथ्यावर उतरवून घेते व पुढें जाणारा वारा कोरडा होत जातो. इतक्या अंतरानें एकाच जातीचें अरण्य दोन्हीकडे असणें कठीण आहे, हें उघड होय. तथापि केवळ पावसावरून निकाल देतां येत नाहीं. कारण वणवा, चराई, नांगर व कुऱ्हाड यांचाही रानाच्या रूपांत वांटा असतो. म्हणून जुन्या साक्षी तपासाव्या लागतात.

साक्षी तपासण्यापूर्वीं शब्दांविषयीं सावध असलें पाहिजे. आपला शेतकरी "रानांत जातों" असें म्हणतो, तेव्हां तो बहुधा आपल्या शेतांतच जात असतो. "जंगल" हा शब्द याहूनही फसवा आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत देशाचे आनूप, जांगल व साधारण असे प्रकार सांगितले आहेत. त्यांत जांगल म्हणजे कोरडा, मोकळा व विरळ झाडांचा प्रदेश, आणि आनूप म्हणजे पाणथळ व दाट झाडीचा प्रदेश होय. आज मात्र जंगल म्हटलें कीं, घनदाट वृक्षराजी डोळ्यांपुढें उभी राहते. तेव्हां जुन्या कागदांत असा एखादा शब्द आढळला, एवढ्यावरून तेथें उंच वृक्षांची दाटी होती असें ठरवूं नये. त्या शब्दासोबत नांवें कोणत्या झाडांचीं आलीं आहेत तें पाहावें.

आतां पहिला साक्षीदार गांवांचीं नांवें. लिंब, चिंचणी, बोरगांव, वडगांव, पळशी, औदुंबर हीं नांवें आपल्याच दोन जिल्ह्यांतलीं आहेत. नांवाची व्युत्पत्ति लावतांना कल्पनेस आवर घालावा लागतो, हें खरें. पण जेथें झाडाचें नांव स्पष्ट दिसतें तेथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हजारों वृक्षांच्या गर्दींत एका वडावरून गांवाची ओळख पटत नाहीं. जेथें वड दुरून एकटा दिसतो, तेथेंच तो खूण म्हणून उपयोगी पडतो. शिवाय बोर, पळस व बाभूळ हीं मोकळ्या उन्हांत वाढणारीं झाडें आहेत. याप्रमाणें झाडावरून पडलेलें नांव कित्येकदां दाट रानापेक्षां विरळ झाडीचीच साक्ष देतें.

दुसरा साक्षीदार मराठेशाहीचीं दफ्तरें. इनामाच्या सनदांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसह गांव दिल्याचें लिहिलेलें असतें. हें वाचून त्या गांवीं मोठी वनसंपत्ति होती असें कोणास वाटेल. परंतु हा लेखनाचा ठरलेला सांचा होता. उजाड गांवाच्या सनदेंतही तरु येतो व ओसाड गांवाच्या सनदेंतही निधि येतो. याउलट कुरणांविषयींचे कागद अधिक बोलके आहेत. मराठ्यांचें बळ घोडदळांत होतें, आणि घोड्यांस गवत लागे. म्हणून सरकारी कुरणें राखलीं जात. रामचंद्रपंत अमात्यांचें "आज्ञापत्र" इ. स. १७१५ च्या सुमाराचें आहे. आरमारासाठीं लांकूड घेतांना रयतेनें वाढविलेल्या आंब्या-फणसांस धन्याच्या संमतीवांचून हात लावूं नये, असा उपदेश त्यांत आहे. लांकडाची किंमत व झाडावरील मालकी यांचा विचार त्या काळींही झाला होता, हें यावरून कळतें.

इतिहासांतील एक प्रसिद्ध प्रसंगही येथें उपयोगी पडतो. इ. स. १६५९ मध्यें अफजलखान पंढरपुराकडून वाईस आला, तेव्हां त्याच्याबरोबर मोठें घोडदळ, हत्ती व तोफा होत्या. एवढा लवाजमा पूर्वेकडील मोकळ्या मुलखांतून येऊं शकला. परंतु प्रतापगडाच्या पायथ्याच्या जावळींत येतांच त्याच सैन्याचें बळ निरुपयोगी ठरलें, कारण तेथें अरण्य व दऱ्या होत्या. शिवाजी महाराजांनीं भेटीसाठीं जावळी निवडली यांत त्यांचें भूमीचें ज्ञान दिसतें. पूर्वेचा मुलूख मोकळा व पश्चिमेचा दाट, हा भेद साडेतीनशें वर्षांपूर्वींही होता असें या प्रसंगावरून अनुमान निघतें.

तिसरा साक्षीदार इंग्रजी अमदानींतील मोजणी. सातारचें राज्य इ. स. १८४८ मध्यें खालसा झालें. त्यानंतर गांवोगांवची जमीन मोजून नकाशे तयार झाले. इ. स. १८८५ मध्यें मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा जिल्ह्याचा खंड निघाला. सांगलीविषयीं शोध करणारानें एक गोष्ट विसरूं नये. सांगली हा जिल्हा १ ऑगस्ट १९४९ रोजीं "दक्षिण सातारा" या नांवानें अस्तित्वांत आला व त्यास सध्यांचें नांव इ. स. १९६० मध्यें मिळालें. म्हणून वाळवें, शिराळें, तासगांव, खानापूर यांची जुनी माहिती साताऱ्याच्या दफ्तरांत, आणि मिरज, जत, आटपाडी यांची माहिती त्या त्या संस्थानांच्या दफ्तरांत शोधावी लागते.

या कागदांसही त्यांचे दोष आहेत. मोजणी करणाऱ्या अंमलदाराची दृष्टि साऱ्यावर असे. ज्या जमिनीचा सारा येत नाहीं ती त्याच्या लेखीं पड. शेंकडों मेंढरांस पोसणारा माळही "पड" याच सदरांत जाऊन बसला. दुसरें, इ. स. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर "फॉरेस्ट" हा सरकारी ताब्याचा शब्द झाला. नकाशावर फॉरेस्ट असें लिहिलेल्या जागीं एकही मोठें झाड नसणें शक्य असतें.

चौथा साक्षीदार वनस्पतिशास्त्रज्ञांचे ग्रंथ. डाल्झेल व गिब्सन यांचा ग्रंथ इ. स. १८६१ मध्यें, आणि थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ इ. स. १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झाला. यांत वनस्पति कोणत्या ठिकाणीं मिळाली तें सांगितलेलें असतें. वाळवून कागदावर चिकटविलेला नमुना उपलब्ध असेल तर त्याहून भक्कम साक्ष नाहीं. याच अभ्यासानें कोणत्या वनस्पति नवागत आहेत तेंही समजतें. घाणेरी, निवडुंग व वेडी बाभूळ आज सर्वत्र दिसतात; पण तीं अमेरिका खंडांतून आलेलीं आहेत, म्हणून जुन्या रानाच्या चित्रांत त्यांस जागा नाहीं.

पांचवा साक्षीदार आपलें मराठी वाङ्मय व लोकगीतें. हा साक्षीदार अलीकडेच न्यायासनापुढें उभा राहिला आहे. अशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या संशोधकांनीं तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांत, कथांत व गीतांत रानवनस्पतींचे उल्लेख शोधले, ते नकाशावर मांडले, आणि आपला निबंध इ. स. २०२५ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांस ४४ रानवनस्पतींचे उल्लेख मिळाले व त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश मोकळ्या गवताळ प्रदेशांतील निघाल्या. पंढरपुरीं कान्होपात्रेच्या कथेशीं निगडित असलेला तरटीचा वृक्ष सर्वांस ठाऊक आहे. तरटी ही कोरड्या, उघड्या भूमींत वाढणारी कांटेरी वनस्पति आहे. संतकथा सांगणारास वनस्पतिशास्त्र शिकवावयाचें नव्हतें. त्यानें भोंवतालीं जें होतें तें सहज सांगितलें, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे.

शेवटचा साक्षीदार मुका आहे. तो म्हणजे देवराई. देवाच्या भयानें जेथें कुऱ्हाड चालली नाहीं, तेथें जुन्या झाडीचा नमुना उरतो. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास इ. स. १९७० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध केला. पूर्वेकडेही कवठेमहांकाळ तालुक्यांत आरेवाडीस बिरोबाचें बन आहे. परंतु राखलेली जागा बहुधा पाण्याजवळची किंवा खोलगट असते. तिच्यावरून भोंवतालचा सारा माळही तसाच होता असें म्हणणें धाडसाचें होईल.

आतां या साक्षी एकत्र कशा करावयाच्या? जुन्या नकाशावरील ज्या खुणा हललेल्या नाहींत, उदाहरणार्थ कऱ्हाडचा कृष्णा-कोयनेचा संगम, सज्जनगडाचा माथा, एखादें जुनें देऊळ, त्या प्रथम नव्या नकाशाशीं जुळवून घेतात. पूर्वीं हें काम पारदर्शक कागद एकावर एक ठेवून करीत. आतां तें संगणकावर होतें व उपग्रहानें घेतलेलीं चित्रेंही त्यास जोडतां येतात. मग प्रत्येक साक्ष तिच्या जागीं मांडावी व ती निश्चित, संभाव्य कीं संशयास्पद तें चिन्हानें दाखवावें. जेथें साक्ष नाहीं ती जागा कोरी ठेवावी. नकाशा सुंदर दिसावा म्हणून ती हिरव्या रंगानें भरूं नये.

असें केल्यावर जें चित्र दिसतें तें एकरंगी नाहीं. पश्चिमेस जांभूळ, अंजनी, हिरडा यांचें अरण्य जुनें आहे. कुमरीच्या शेतीनें, कोळशाच्या भट्ट्यांनीं व लांकूडतोडीनें त्याची हानि झाली. कोयनेच्या धरणानें शिवसागर जलाशय झाल्यावर खोऱ्याचा तळ पाण्याखालीं गेला. तेथील गांवें व झाडी आतां जुन्या नकाशांतच पाहावयास मिळतात. उलट चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानांत जेथें आज झाडी आहे, तेथें कांहीं ठिकाणीं उठून गेलेल्या गांवांचीं शेतें होतीं. म्हणजे आजचें सर्वच अरण्य पुरातन नाहीं. तसेंच इ. स. २०१२ मध्यें जागतिक वारशांत गणलेलें कासचें पठार मुबलक पावसांतही उघडें आहे, कारण तेथें खडकावर मातीचा थर अगदीं पातळ आहे. पूर्वेस ओढ्यांच्या कांठीं व घळींत झाडी होती, ती पुष्कळ ठिकाणीं तुटली, हें मान्य केलें पाहिजे. परंतु माण, खटाव, आटपाडी व जत येथील मोठा भाग शेंकडों वर्षें गवताळ माळच होता, असें साक्षींवरून दिसतें. खिल्लार बैल व धनगरांचे कळप याच माळांवर पोसले गेले.

या प्रश्नाचा निकाल केवळ ग्रंथांत राहणारा नाहीं. माळास मेलेलें अरण्य समजणारा मनुष्य सद्धेतूनें तेथें खड्डे खणतो व परदेशी गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावतो. गवत जातें, धनगराची वाट बंद होते, आणि चंडोल, लांडगा व खोकड यांचा आसरा तुटतो. झाडें लावूंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या परिश्रमानें सागरेश्वराच्या उजाड डोंगरावर रान उभें राहिलें व इ. स. १९८५ मध्यें तें अभयारण्य झालें, याचा प्रत्येक सांगलीकरास अभिमान वाटावा. परंतु कोठें वृक्ष लावावा व कोठें गवत राखावें, हें त्या भूमीचा पूर्वेतिहास विचारून ठरवावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

आणि हें काम विद्यार्थ्यांसही करतां येण्यासारखें आहे. सुटींत आपल्या गांवीं जाल तेव्हां तलाठ्याकडील गांवनकाशा पाहावा. शिवारांतील शेतांचीं, ओढ्यांचीं व टेकड्यांचीं नांवें वृद्ध माणसांस विचारून त्यावर लिहावींत. कोणतें झाड कोठें होतें व कोणतें गवत गुरांस आवडे, हें गुराख्यांस व मेंढपाळांस विचारावें. नांवें सांगणारीं माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत. तीं आहेत तोंवरच त्यांची साक्ष लिहून घेतली पाहिजे.