सूर्यासारखी भट्टी आणि तिची वीज

कोळसा व पाणी यांवांचून वीज देणारी नवी भट्टी निघत आहे, तर सौर पंपासाठीं कर्ज काढावें कीं थांबावें, अशी पृच्छा कांहीं सभासद करितात. म्हणून या भट्टीचा जमाखर्च येथें तपासून पाहूं.

सूर्याच्या गर्भांत हायड्रोजनचे परमाणुगर्भ एकमेकांत मिसळून हेलियम बनतो, व त्या संयोगांत जें अल्पसें वस्तुमान नाहींसें होतें त्याचीच ऊर्जा होते. हीच क्रिया भूतलावर घडवावयाची आहे. इंधनाची टंचाई नाहीं. जड हायड्रोजन समुद्राच्या दर घनमीटर पाण्यांत सुमारें ३३ ग्रॅम असतो. तो वेगळा करण्याची कला आपल्याकडेहि आहे. अलिबागेजवळ थळ येथें खत-कारखान्याच्या ज्या वायूपासून पुढें अमोनिया व युरिया होतो, त्यांतूनच तो काढून जड पाणी तयार करितात. त्याचा जोडीदार ट्रिटियम मात्र निसर्गांत जवळजवळ नाहींच. तो लिथियमपासून भट्टींतच निपजवावा लागेल.

खरी अडचण उष्णतेची. सुमारें १५ कोटी अंश उष्णता कोणतेंहि भांडें सोसूं शकत नाहीं. म्हणून तप्त वायु चुंबकांच्या बळानें अधांतरीं धरून ठेवितात. दुसरी रीत लेझर किरणांची. ५ डिसेंबर २०२२ रोजीं कॅलिफोर्नियांतील लिव्हरमोर येथें इंधनाच्या बारीक गोळीसाठीं २.०५ मेगाज्यूल किरण-ऊर्जा घालून ३.१५ मेगाज्यूल निघाली. पेरल्याहून अधिक आलें, ही गोष्ट थोर खरी. परंतु ते किरण उत्पन्न करण्यास सुमारें ३०० मेगाज्यूल वीज लागली होती! नांगरट, खत व मजुरी वगळून केवळ बियाण्याशीं उत्पन्न ताडून पाहण्यासारखाच हा हिशेब झाला.

चुंबकांच्या रीतीची सर्वांत मोठी भट्टी दक्षिण फ्रान्समध्यें कादाराश येथें उभी राहत आहे. भारत तींत भागीदार असून तिचें सुमारें ३० मीटर उंचीचें पोलादी बाह्यपात्र गुजरातेंत हजिरा येथें सुट्या भागांनीं घडविलें गेलें. ५० मेगावॅट उष्णता घालून ५०० मेगावॅट काढावी असा तिचा संकल्प आहे. मात्र तीपासून वीज करण्याची योजनाच नाहीं. २०२४ सालीं सुधारलेल्या वेळापत्रकाप्रमाणें खऱ्या इंधनावरील काम २०३९ सालीं सुरू व्हावयाचें आहे.

धूर नाहीं, राखेऐवजीं हेलियम, हें सर्व यथार्थ आहे. तथापि न्यूट्रॉनांच्या माऱ्यानें भट्टीच्या भिंती किरणोत्सर्गी होतात व त्यांची निगा दीर्घकाळ ठेवावी लागते. यंत्रसामुग्रीहि अत्यंत महाग, तेव्हां फुकट विजेची आशा नको. ज्यांच्या विहिरीस पाणी आहे त्यांनीं पंपाचा निर्णय या भट्टीकरितां लांबणीवर टाकूं नये.