आपली ओळख कुणाला सांगायची, हे मोबाईलने ठरवू नये

६ डिसेंबरला चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी, रविवारी वस्तीतले विहार. या ठिकाणी आपण अभिमानाने जातो. पण लोकेशन चालू असेल तर खिशातला मोबाईल याच ठिकाणांची नोंद अ‍ॅप कंपन्यांपर्यंत पोहोचवू शकतो. आपण कुठेही आडनाव किंवा धर्म लिहिला नाही, तरी त्या नोंदींवरून आपण कोण याचा अंदाज बांधता येतो. ज्या समाजात आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते, तिथे ही बाब क्षुल्लक नाही.

हे घडते कसे? हवामान, गेम, दिनदर्शिका अशी फुकटची अ‍ॅप आपण घेतो. त्यांतल्या काहींमध्ये दुसऱ्याच कंपनीचा कोड बसवलेला असतो. तो फोनचे ठिकाण आणि 'जाहिरात आयडी' नावाचा क्रमांक गोळा करतो. त्यात नाव नसले तरी फोन रात्री कुठे असतो यावरून घर कळते, दिवसा कुठे असतो यावरून कामाची जागा कळते. पुढे ही माहिती विकली जाते.

अमेरिकेत २०२० साली असेच प्रकरण उघड झाले. नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या 'मुस्लिम प्रो' अ‍ॅपमधून लोकेशनची माहिती 'एक्स-मोड' या कंपनीकडे जात होती आणि तिच्या ग्राहकांत लष्कराचे कंत्राटदार होते. बातमी येताच अ‍ॅपने त्या कंपनीशी संबंध तोडले. २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीला प्रार्थनास्थळांसारख्या संवेदनशील जागांची माहिती विकण्यास मनाई केली.

आपल्याकडे हा प्रश्न हक्काचा आहे. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७ च्या निवेदनातच बाबासाहेबांनी माणूस, त्याचे घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

हा हक्क हातातल्या फोनवर असा वापरा :

१. सेटिंग्जमध्ये लोकेशनच्या परवानग्या तपासा. नकाशासारख्या अ‍ॅपला 'फक्त अ‍ॅप वापरताना' एवढीच परवानगी द्या. गरज नसलेल्यांची काढून घ्या.

२. अँड्रॉइडमध्ये गूगलच्या जाहिरात सेटिंगमधून जाहिरात आयडी हटवा. आयफोनमध्ये अ‍ॅपना ट्रॅकिंगची परवानगी नाकारा.

३. गूगलची 'टाइमलाइन' चालू असेल तर बंद करा, जुन्या नोंदी पुसा.

४. न वापरलेली अ‍ॅप काढून टाका.

५. कार्यकर्त्यांनी सभासदांच्या याद्या, जातीचे दाखले आणि आधारच्या प्रती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नयेत. कॅमेऱ्याची लोकेशन नोंदही बंद ठेवावी.

एवढे करूनही मोबाईल टॉवरमुळे सिमकार्ड कंपनीला आपले साधारण ठिकाण कळतेच. पण माहितीचा बाजार मांडणाऱ्यांचा रस्ता बराच अरुंद होतो.

ओळख लपवा, असे आम्ही म्हणत नाही. 'जयभीम' आपण मोठ्यानेच म्हणू. मात्र ती ओळख कुणाला द्यायची, हे आपणच ठरवू. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातल्या ज्येष्ठांचे फोन घेऊन बसा आणि त्यांच्यासोबत ही सेटिंग्ज तपासा. त्याला पंधरा मिनिटे पुरतील.