शेंद्र्यात बनलेली जुनी 'ऑक्टाव्हिया आरएस' घरीच पुन्हा उभी करायची तर काय काय करावं लागतं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने भारतासाठी नव्या ऑक्टाव्हिया आरएसच्या फक्त १०० गाड्या आणल्या. किंमत ४९.९९ लाख, तीही एक्स-शोरूम. बुकिंग उघडलं आणि बघता बघता सगळ्या गाड्या संपल्या.

या नावाची पहिली गाडी भारतात आली होती २००४ मध्ये. नवी आरएस परदेशातून तयार होऊन आली, पण जुनी जुळवली जायची आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत. त्यातल्या काही गाड्या आजही रस्त्यावर दिसतात, काही कव्हरखाली उभ्या आहेत आणि काही भंगारात गेल्या.

आता समजा, वेरूळला तुमच्या काकांच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये अशीच एक २००६ ची आरएस उभी आहे. चार-पाच वर्षं जागेवरून हललेली नाही. काका म्हणतात, "न्यायची तर ने, नाहीतर पुढच्या महिन्यात भंगारवाला येतोय."

गाडी वाचवायची तर सुरुवात कुठून करायची, तेच बघूया.

ही गाडी एवढी खास का?

२००१ मध्ये स्कोडाने तेव्हाच्या औरंगाबादेत काम सुरू केलं आणि ऑक्टाव्हिया बाजारात आणली. आरएस ही तिचीच तापट बहीण. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. दिसायला चार दारांची, मोठ्या डिकीची घरगुती गाडी, पण बॉनेटखाली १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण वीस. युरोपातल्या आरएसची ताकद १८० हॉर्सपॉवर होती, आपल्याकडे आली ती १५० ची. त्या काळी आपल्याकडे टर्बो म्हटलं की डिझेल, असंच समीकरण होतं. त्यामुळे टर्बो पेट्रोल ही बऱ्याच जणांसाठी नवीच गोष्ट होती.

तुम्ही म्हणाल, ही काय स्पोर्ट्स कार झाली का? दोन दारांची नाही, हे खरंच. पण पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया ज्या सांगाड्यावर उभी आहे, त्याच सांगाड्यावर पहिली ऑडी टीटी आणि चौथ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ बनली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पार्ट शोधताना हाच कामाला येणार आहे.

पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात?

हा व्हॉट्सॲपवरचा सगळ्यात मोठा गैरसमज. पेट्रोलला १५ वर्षं आणि डिझेलला १० वर्षं ही वयाची अट दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागातली. महाराष्ट्रात खासगी गाडी फक्त वय झालं म्हणून बंद होत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये स्क्रॅपिंगचं धोरण जाहीर झालं, त्यातही खासगी गाडीसाठी मुद्दा फिटनेसचा आहे.

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून दर वेळी पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. त्यासाठी फॉर्म २५ भरायचा. काकांच्या २००६ च्या गाडीची पहिली मुदत २०२१ ला संपली. तेव्हा नूतनीकरण केलं असेल तर पुढची मुदत २०२६ ची.

खर्च मात्र वाढलाय. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५ हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा नियम आला आणि २० वर्षांहून जुन्या कारसाठी ती १० हजार झाली. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली असेल तर उशिराचा आकारही चढत जातो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कागद हातात घ्या. आरसी मूळ आहे का? चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळतात का? जुन्या कर्जाची, म्हणजे हायपोथिकेशनची नोंद आरसीवर तशीच राहिलीय का? राहिली असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. मग गाडी तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. इन्शुरन्स, पीयूसी आणि एचएसआरपी नंबरप्लेट हेही लागणारच.

आरसीची मुदत संपली असेल तर गाडी वेरूळहून खुलताबाद, दौलताबादच्या घाटातून चालवत आणायचा मोह टाळा. ती टोइंगवरच आणा. चार-पाच वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेकवर घाट उतरायचा नसतो, हे दुसरं कारण.

मग ही विंटेज आहे का?

नाही, आणि खरी गोची इथेच आहे.

जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरायला नेता येते.

काकांची गाडी या व्याख्येत बसेल २०५६ मध्ये. तोपर्यंत सरकारी कागदावर ती फक्त 'जुनी गाडी'. नव्या गाडीची किंमत नाही आणि विंटेजचा मान नाही, अशी ही मधली पस्तीस वर्षं. गाड्या भंगारात जातात त्या याच काळात.

किल्ली फिरवू नका

शेडमध्ये गेल्यावर पहिली इच्छा होते नवी बॅटरी लावून सेल मारायची. तेच करू नका.

या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो किलोमीटरवर झिजतो तसा वयानेही कडक होतो. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. बेल्टचं काम हजारांतलं, ते एका सेकंदात पूर्ण इंजिनाच्या कामावर जातं. वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, आणि त्या काळच्या अनेक पंपांतलं पंख्याचं चाक प्लॅस्टिकचं असायचं, जे तुटतं. म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बदलायचे.

क्रम असा ठेवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. जमलं तर खालचा ऑइल पॅन उतरवून आतली जाळी साफ करून घ्या, कारण टर्बोचं आयुष्य ऑइलवर आहे आणि ती जाळी गाळाने तुंबते. स्पार्क प्लग काढून इंजिन पान्याने हाताने फिरवून बघा, अडतंय का ते. बेल्ट नवा बसला, कूलंट भरलं, की मगच किल्ली.

कैलास लेणं वरून खाली, गाडी खालून वर

वेरूळच्या १६ नंबरच्या लेण्यात गाईड सगळ्यांना एक गोष्ट सांगतोच : हे मंदिर कळसाकडून पायाकडे कोरलंय. गाडीचं बरोबर उलटं. इथे काम खालून वर जातं. आधी ती थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग पळली पाहिजे आणि सगळ्यात शेवटी चमकली पाहिजे. पण बहुतेक जण सुरुवात रंगापासून करतात. पैसे तिथेच संपतात आणि चकाचक गाडी पुन्हा शेडमध्ये उभी राहते.

थांबणं : ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. ते पूर्ण बदला. पॅड, डिस्क, रबरी पाइप बघा. टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुन्या टायरवर भरवसा ठेवू नका.

वळणं : पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश वयाने फाटतात. बाहेरून दिसत नाहीत, पण खड्ड्यात खडखडतात.

पळणं : या इंजिनाची नेहमीची दुखणी म्हणजे फाटलेले व्हॅक्यूम पाइप, निकामी इग्निशन कॉइल आणि मळलेला हवामापक सेन्सर. गाडीची ताकद गेली म्हणून थेट टर्बो बदलायला धावू नका. स्टिअरिंगखाली ओबीडीचं १६ पिनांचं सॉकेट आहे. तिथे स्कॅनर लावला की बरीचशी दुखणी गाडी स्वतःच सांगते.

इथेच पेट्रोलचाही विचार करा. आज पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, ई-२० पेट्रोल. २००६ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलंय. इथेनॉल जुन्या रबरावरही परिणाम करतं. त्यामुळे पेट्रोलचे जुने पाइप आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे बसवून घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका.

चमकणं : काचा वर-खाली करणाऱ्या यंत्रणेतल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा, दारांची लॉक, डॅशबोर्ड, सीट आणि मग रंग. आपल्या भागाची कोरडी हवा इथे तुमच्या बाजूने आहे. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेइतकं पत्र्याला गंजणं इथे होत नाही. तरीही शेडमध्ये ओल येत असेल तर बुडाखाली आणि चाकांच्या कमानीत नीट बघा.

पार्ट आणायचे कुठून?

नावाने विचारलं तर उत्तर ठरलेलं : "साहेब, आरएसचं काही मिळत नाही." म्हणून नंबरने विचारा.

फोक्सवॅगन समूहाच्या प्रत्येक पार्टवर नंबर असतो आणि त्याची सुरुवातीची अक्षरं तो कोणत्या गाडीसाठी बनला ते सांगतात. '१यू' म्हणजे पहिली ऑक्टाव्हिया. '१जे' म्हणजे चौथी गोल्फ. '८एन' म्हणजे पहिली टीटी. '०६ए' म्हणजे या इंजिनाचं कुटुंब. तुमच्या गाडीतल्या एखाद्या पार्टवर '१जे०' दिसलं, तर तो मुळात गोल्फचा आहे आणि जगभर मिळतो.

काच, दार, दिवे, सस्पेन्शनचे बरेच भाग साध्या ऑक्टाव्हियाचेही चालतात, आणि साध्या डिझेल ऑक्टाव्हिया आपल्याकडे खूप खपल्या. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी इथल्या जुन्या पार्टच्या बाजारात त्यांचे भाग सापडतात. आरएसची खास आणि सहज न मिळणारी गोष्ट म्हणजे तिचे बंपर, सीट, बॅज. ते तुटके असले तरी फेकू नका, दुरुस्त करून घ्या.

एक सावधगिरी. इंजिनाचा कॉम्प्युटर आणि मीटरचा संच सेकंडहँड स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. चोरी रोखण्यासाठी किल्ली, मीटर आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बांधलेले असतात. एक बदलला की कोडिंगशिवाय गाडी सुरूच राहत नाही.

घरी काय करायचं नाही?

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. पक्क्या जमिनीवर जॅक स्टँड लावूनच. सस्पेन्शनची स्प्रिंग घरी सोडवायची नाही, ती दाबून धरायचं योग्य हत्यार नसेल तर जीवावर बेतू शकतं. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला हात लावायचा नाही. टायमिंग बेल्ट पहिल्यांदा एकट्याने करायचा नाही, जाणत्या मिस्त्रीला शेजारी उभं करा. एसीचा गॅसही गॅरेजमध्येच.

आणि मोठं इंजिन टाकणं, बॉडी कापणं असले बदल नकोत. आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी गाडी जुळलीच पाहिजे, हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलंय. शिवाय पुढे विंटेजचा दर्जा हवा असेल तर अट मूळ रूपाचीच आहे.

पैसे परत मिळतात का?

बहुतेक वेळा नाही. ओतलेला पैसा विकताना निघेल, या हिशेबाने यात पडू नका. इन्शुरन्सलाही हाच प्रश्न येतो. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विम्याची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. त्यामुळे प्रत्येक कामाचे फोटो आणि बिलं जपून ठेवा. तेच उद्या गाडीच्या किमतीचा पुरावा ठरतात.

मग करायचं कशासाठी? कारण विंटेज गाड्या आकाशातून पडत नाहीत. पन्नास वर्षांची गाडी असण्यासाठी कुणीतरी ती विसाव्या, तिसाव्या, चाळिसाव्या वर्षी भंगारात जाऊ न देता सांभाळलेली असावी लागते. शेंद्र्यातल्या कामगारांनी जुळवलेली ही आरएस २०५६ मध्ये 'व्हीए' नंबरप्लेट लावून वेरूळच्या रस्त्यावर दिसायची असेल, तर निर्णय आत्ताच घ्यावा लागेल.

तोवर पहिलं काम सोपं आहे. काकांकडून आरसी मागून घ्या आणि भंगारवाल्याला सांगा, पुढच्या महिन्यात येऊ नको.