राउटरच्या नोंदी आपल्या संगणकावर येत नाहीत? असं शोधा कारण



संगणक कक्षातलं नेट गेलं की पहिला संशय मुलांवर येतो. "कोणी हात लावला?" खरं कारण बहुतेक वेळा राउटरच्या नोंदींत सापडतं. पण बऱ्याच राउटरमधली नोंद म्हणजे पाटी. बंद करून चालू केला की पुसली! म्हणून ती दुसऱ्या संगणकावर पाठवून ठेवायची. या पद्धतीला सिसलॉग म्हणतात. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल प्रणालीसाठी ती तयार केली.

राउटरमध्ये संगणकाचा पत्ता भरला, तरी फाईल कोरीच? नोंदी सहसा यूडीपीने, पोर्ट ५१४ वर जातात. हे साधं पोस्टकार्ड आहे, पोचपावती नाही. नोंद हरवली तरी राउटर तक्रार करत नाही. शोधायचं आपणच.

१. पत्ता : संगणकाला आयपी पत्ता आपोआप मिळत असेल, तर तो बदललेला असू शकतो. तो कायमचा ठरवून द्या.

२. दोष कोणत्या बाजूला? लिनक्स संगणकावर 'टीसीपीडम्प' लावून पोर्ट ५१४ पाहत राहा आणि राउटरच्या पानावर पुन्हा लॉगिन करा. काहीच दिसलं नाही, तर दोष राउटरमध्ये किंवा वाटेत. इथे दिसतंय पण फाईलमध्ये नाही, तर दोष आपल्या संगणकात.

३. राउटरमध्ये : नोंदींच्या पातळ्या ० ते ७. ० सर्वांत गंभीर. ३ निवडली, तर फक्त ० ते ३ च्या नोंदी येतात. तपासणीपुरती ६ ठेवा आणि मग पुन्हा लॉगिन करून पाहा.

४. संगणकात : फायरवॉलमध्ये यूडीपी ५१४ राउटरच्या पत्त्यापुरतं उघडा. टीसीपी उघडून उपयोग नाही. 'आरसिसलॉग'च्या सेटिंगमध्ये यूडीपीच्या ओळींपुढे # असेल, तर ते काढा आणि सेवा पुन्हा चालू करा.

५. घड्याळ : वीज गेल्यावर काही राउटर १ जानेवारी १९७० वर जातात. नोंद आलेली असते, आपण आजच्या तारखेत शोधत बसतो! वेळ साडेपाच तास मागे दिसली, तर भारतीय वेळ निवडलेली नाही असं समजा. राउटरमध्ये एनटीपी चालू करा.

नोंदी येऊ लागल्या की मुलांनाही दाखवा. बाहेरची लाईन किती वाजता तुटली, हे त्यांना स्वतः वाचू द्या. आणि पुढच्या वेळी नेट गेलं, तर आधी नोंद वाचू, मग मुलांना विचारू.