अभियांत्रिकीचे पहिले वर्ष कोणासाठी आखले जाते?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आपली मुले का अडकतात, या प्रश्नाला आजवर दोन ठरलेली उत्तरे मिळत आली आहेत. प्रस्थापित म्हणतात, गुणवत्ता नाही. आपण म्हणतो, जातीयता आहे. पहिले उत्तर खोटे आहे. दुसरे खरे आहे, पण एवढे म्हणून थांबले तर अपुरे आहे. जात नेमकी कोणत्या जागी काम करते हे बोट ठेवून दाखवता आले नाही, तर समोरचा माणूस हसून पुढे जातो. मी गेली अनेक वर्षे पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, ती जागा पुष्कळदा वर्गातल्या अपशब्दात नसते, ती वेळापत्रकात असते. कोणता विषय कोणत्या सत्रात, त्याला किती तास, किती क्रेडिट, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर या रूक्ष वाटणाऱ्या आखणीत कोणाला पुढे जाऊ द्यायचे हे बरेचसे ठरून जाते. म्हणून ही आखणी आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतली पाहिजे.

आखणी होते कशी?

पहिले वर्ष बहुतेक सर्व शाखांना सामाईक असते. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, यंत्रशास्त्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, ड्रॉइंग, संगणकाची भाषा आणि वर्कशॉप असा हा मेळ असतो. त्याची चौकट अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद सुचवते. परिषदेने २०१८ मध्ये नमुना अभ्यासक्रम काढला, त्यात चार वर्षांच्या पदवीसाठी १६० क्रेडिट धरले आणि सुरुवातीला तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम ठेवला. त्या चौकटीत विद्यापीठाचे अभ्यासमंडळ विषय भरते आणि विद्यापरिषद त्यावर शिक्कामोर्तब करते. स्वायत्त महाविद्यालयांत हे काम त्यांची स्वतःची मंडळे करतात. म्हणजे आखणी करणारी माणसे आहेत, त्यांच्या बैठका होतात, इतिवृत्ते लिहिली जातात. ती आकाशातून पडत नाही. जी गोष्ट माणसे ठरवतात ती माणसांना बदलता येते.

क्रेडिटचा हिशेब

क्रेडिट म्हणजे कामाचे माप. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट आणि दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट, असा सर्वसाधारण नियम आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ मध्ये पहिल्या वर्षाचा जो आराखडा आणला होता, त्यातले पहिले सत्र उदाहरणादाखल घेऊ. गणित ४, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र ५, यांत्रिक प्रणालींचा विषय ४, विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्स ४, प्रोग्रॅमिंग ४ आणि वर्कशॉप १, असे एकूण २२ क्रेडिट. तासांत मोजले तर १६ तास व्याख्याने, १० तास प्रॅक्टिकल आणि गणिताचा १ तास ट्यूटोरियल, म्हणजे आठवड्याला २७ तास. २०२४ पासून नवा आराखडा आला, विषयांची नावे आणि वाटणी बदलली, पण मोजण्याची रीत तीच राहिली.

आता या मापात न मोजलेले तास पाहा. व्याख्यानाच्या एका तासाला पूर्ण क्रेडिट का, तर त्यामागे विद्यार्थी घरी अभ्यास करतो असे गृहीत धरलेले असते. तासामागे तास धरला तर आणखी १६ तास होतात. २७ आणि १६ मिळून ४३. जर्नल लिहिण्याचा वेळ यात कुठेच नाही.

माझे गाव कासुर्डी. दौंड तालुक्यात, पुणे–सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचन आणि यवत यांच्या मधे. आमच्याकडच्या ज्या मुलांना वसतिगृह मिळत नाही ती रोज जाऊन-येऊन शिकतात. कोणी रस्त्यावर येऊन बस धरतो, कोणी यवतला जाऊन पुणे–दौंड गाडी. घरापासून वर्गापर्यंत आणि परत मिळून रोज साडेतीन तास धरले तर पाच दिवसांचे साडेसतरा तास झाले. म्हणजे वसतिगृहातल्या मुलाचा आठवडा ४३ तासांचा आणि कासुर्डीच्या मुलाचा साठ तासांच्या वर. त्यात घरी टेबल नाही, एका खोलीत पाच माणसे आहेत आणि सुट्टीच्या दिवशी आईबरोबर खुरपणीला जायचे आहे. दोघांच्या गुणपत्रिकेवर मात्र २२ क्रेडिटच लिहिलेले असतात. यालाच समान संधी म्हणतात.

विषयांचा क्रम

दुसरी गोष्ट क्रमाची. एका विषयाचे पाऊल दुसऱ्याच्या पायरीवर पडते. ती पायरी बांधण्याआधीच पाऊल टाकायला सांगितले तर पडणारच. २०१९ च्या त्याच आराखड्यात भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम श्रोडिंजरच्या समीकरणापर्यंत जात होता. निम्म्या तुकड्यांना भौतिकशास्त्र पहिल्या सत्रात होते. पण डिफरन्शियल इक्वेशन हा भाग गणिताच्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे दुसऱ्या सत्रात होता. बारावीत मुलांनी पहिल्या कोटीची समीकरणे केलेली असतात, श्रोडिंजरचे समीकरण दुसऱ्या कोटीचे आहे. मग वर्गात काय होते? ज्याच्या घरात कोणी अभियंता आहे किंवा ज्याने महागडी शिकवणी लावली आहे, तो कुठून तरी भरून काढतो. दुसरा मुलगा ते पान पाठ करतो. परीक्षेत प्रश्न किंचित फिरवून आला की पाठ केलेले कोसळते, आणि त्याला शिक्का मिळतो, ‘बेसिक कच्चे आहे.’ पायाच्या आधी भिंत उभी करणाऱ्या आखणीला कोणी कच्ची म्हणत नाही.

प्रोग्रॅमिंगचेही तेच. ज्याच्या घरी संगणक आहे त्याची ही ओळखीची गोष्ट, आणि ज्याने आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डवर हात ठेवला त्याला आठवड्याचे दोन तास. शिवाय जातवैधता प्रमाणपत्राच्या आणि इतर कागदपत्रांच्या फेऱ्यांत ज्यांचा प्रवेश शेवटच्या फेरीत होतो, ती मुले वर्गात येतात तेव्हा परिचय कार्यक्रम उरकलेला असतो आणि गणिताचा पहिला घटक संपत आलेला असतो.

मी एका महाविद्यालयाच्या बैठकीत असे सुचवले होते की, ज्या तुकड्यांना भौतिकशास्त्र आधी आहे त्यांना निदान तेवढे गणित आधी द्यावे. उत्तर मिळाले, ‘मुले करतात मॅनेज.’ कोणती मुले, हा प्रश्न मी विचारला. त्यावर बैठक पुढच्या विषयाकडे वळली.

हात आणि डोके

आपल्या नियतकालिकांतून श्रमाच्या प्रतिष्ठेवर खूप लिहिले गेले आहे. ती प्रतिष्ठा मोजायची असेल तर हे वेळापत्रक पाहावे. सुतारकाम, फिटिंग, पत्र्याचे काम, जोडकाम ही कामे या देशात ज्या जातींनी पिढ्यान्पिढ्या केली, त्यांच्या ज्ञानाला अभियंता घडवणाऱ्या वर्षात एक क्रेडिट मिळाले, गणिताला चार. प्रॅक्टिकलचा तास व्याख्यानाच्या तासाच्या निम्म्या भावाने विकला जातो. यामागे शैक्षणिक कारण सांगतात आणि त्यात तथ्य आहे. प्रॅक्टिकल जागच्या जागी संपते, व्याख्यान घरी जाऊन पचवावे लागते. गणिताचे महत्त्व मी गणिताचा शिक्षक असून कमी करणार नाही. पण गवंड्याच्या मुलाला ओळंबा आणि गुण्या कशासाठी हे ठाऊक असते. त्याच ज्ञानातून त्याला यंत्रशास्त्रातल्या बलांकडे आणि ड्रॉइंगमधल्या प्रक्षेपांकडे नेता येते. आपली आखणी हा पूल बांधत नाही. हात एका इमारतीत आणि डोके दुसऱ्या इमारतीत अशी तिची रचना आहे. पुण्यात १८५४ मध्ये सरकारी बांधकामांसाठी हाताखालची माणसे तयार करणारा अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला. तेव्हाचा साहेब आणि मिस्त्री हा भेद अजून अभ्यासक्रमातून गेलेला नाही.

बाबासाहेबांना हा प्रश्न दिसला होता. २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी व्हाईसरॉयना जे निवेदन दिले त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना शास्त्र आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे यांचे धोरण त्यांच्या खात्यातून आकाराला येत होते. या देशाची धरणे आणि वीजकेंद्रे उभी राहतील तेव्हा तिथे आपला माणूस फक्त पाटी उचलायला नसावा, ही दृष्टी त्यामागे होती. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. दार उघडले. दारातून आत गेल्यावरच्या पहिल्या खोलीची रचना मात्र आपण इतरांवर सोडली.

बर्कलेचा धडा

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात हाच प्रश्न होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये काळे विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत होते. प्राध्यापकांची कारणे ठरलेली होती : तयारी नाही, आवड नाही, घरातून प्रोत्साहन नाही. युरी ट्रीझमन या तरुण गणितज्ञाने ती कारणे गृहीत न धरता मुले अभ्यास कसा करतात हे जाऊन पाहिले. त्याला दिसले की चिनी वंशाची मुले एकत्र बसतात, उदाहरणे तपासतात, एकमेकांच्या चुका काढतात. काळी मुले मेहनत करत होती, पण एकेकटी. शाळेत एकट्याने झगडूनच ती इथवर आली होती, आणि ती सवय इथे घातक ठरत होती. ट्रीझमनने त्यांच्यासाठी ‘कमकुवतांचा वर्ग’ काढला नाही. त्याने गट केले आणि त्यांना नेहमीपेक्षा अवघड उदाहरणे दिली. निकाल पालटला.

आपल्याकडे नेमके उलटे चालते. संध्याकाळी पाचनंतर जादा तास, त्यावर ‘कच्चे विद्यार्थी’ अशी पाटी, आणि सहाची गाडी धरायची असलेला कासुर्डीचा मुलगा त्या तासाला थांबू शकत नाही. मग गैरहजेरीही त्याच्याच नावावर.

परीक्षेचेही वेगळे मार्ग आहेत. एम.आय.टी. या जगप्रसिद्ध संस्थेने १९६८ मध्ये पहिल्या वर्षाला श्रेणी देणे थांबवले. आजही तिथे पहिल्या सत्रात फक्त उत्तीर्ण एवढीच नोंद होते आणि नापास झाल्याचा शेरा बाहेर जाणाऱ्या गुणपत्रिकेवर येत नाही. नवख्या मुलाला रुळायला वेळ लागतो हे त्यांनी मान्य केले. दर्जा घसरल्याची ओरड तिथे ऐकू येत नाही. आपल्याकडे पुणे विद्यापीठात पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटल्याखेरीज तिसऱ्या वर्षात जाता येत नाही. एम-वन राहिला की इयर डाऊन. पुढच्या वर्गात गेल्यावर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण, म्हणून एका पेपराबरोबर पैशाचाही प्रश्न उभा राहतो.

बाहेर पडण्याची सोय

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय सांगितली आहे. कागदावर ती उदार दिसते. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर वर्ष फुकट जात नाही, हे खरे. पण पहिले वर्ष आहे तसेच ठेवून त्याच्या शेवटी दार उघडले, तर त्या दारातून कोण बाहेर जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. पूर्वी जो मुलगा नापास होऊन परत लढत असे, त्याला आता सन्मानाने घरी पाठवता येईल. गळतीला निवड हे नाव मिळेल. म्हणून या सोयीबद्दल बोलण्याआधी पहिल्या वर्षाची आखणी दुरुस्त झाली पाहिजे.

मागायचे काय?

माझ्या मते मागण्या पाच असाव्यात. एक, ज्या विषयाला जे गणित लागते ते त्याच्या आधी शिकवले जावे, आणि अभ्यासमंडळाने प्रत्येक घटकासमोर त्याची पूर्वतयारी छापावी. दोन, पूरक तास वेळापत्रकाच्या आत, दुपारी, सर्वांसाठी आणि गटाने असावेत. तीन, शेवटच्या फेरीत येणाऱ्यांसाठी पहिले घटक पुन्हा शिकवले जावेत, आणि तोवर त्यांची चाचणी घेऊ नये. चार, संगणक प्रयोगशाळा व्याख्यानांच्या मधल्या रिकाम्या तासांत खुली असावी. पाच, वर्गात मराठीतून समजावण्याला कमीपणा मानू नये. २०२१ पासून तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली आहे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला. पण वेगळा मराठी वर्ग काढून आपली मुले तिकडे वळवावीत असे मला म्हणायचे नाही. इंग्रजी आलीच पाहिजे. सामान्य वर्गातच दोन्ही भाषा चालाव्यात.

यांपैकी कोणत्याही मागणीला नवी इमारत लागत नाही.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत आपण काय करावे? विद्यार्थ्यांनी पहिल्या आठवड्यात चौघांचा गट करावा आणि गणिताचे उदाहरण एकट्याने सोडवून झाले की गटात मांडावे. विषय राहिलाच तर दुसरे कोणतेही विषय मागे ठेवावेत, पण गणित आधी सोडवावे, कारण पुढचे विषय त्याच्यावर उभे आहेत. शिक्षकांनी आपल्या तुकडीत घरून येणारे किती आहेत हे मोजून ते बैठकीत लिहून द्यावे. कार्यकर्त्यांनी प्रवेशाच्या दिवसात कागदपत्रांसाठी जेवढी धावपळ केली तेवढीच सप्टेंबरात, मुले वर्गात बसल्यावर करावी. विद्यापीठाच्या अधिसभेच्या निवडणुकीत आपण मते मागतो. तिथे निवडून गेलेल्या आपल्या माणसाने पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकावर प्रश्न विचारला की नाही, हेही आपण विचारत जावे.