रंगाखालचा गंज

जुनी फियाट विकत घेऊ पाहणारा मनुष्य प्रथम इंजिनाचा आवाज ऐकतो. वास्तविक त्याने गुडघे टेकून दाराखालचा पत्रा ठोकून पाहावा. इंजिन कोठेही बांधून मिळते. कुजलेली बॉडी उभी करणे मात्र कित्येक महिन्यांचे काम असते.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने बनवलेली आणि 1970 च्या दशकापासून पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली गाडी इटलीच्या फियाट 1100 ची वंशज. 1953 साली आलेल्या या मॉडेलला जीपसारखी स्वतंत्र चेसिस नाही. फरशी, खांब, छप्पर आणि दाराखालचे पोकळ खोके एकमेकांस जोडून तयार झालेला सांगाडाच सारा भार पेलतो. त्यामुळे या खोक्यांतील गंज हा सौंदर्याचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

निपाणीकडील हवा तुलनेने कोरडी. बेळगाव-खानापूरचा पाऊस मात्र पोकळ भागांत ओल धरून ठेवतो आणि चोर्ला घाट उतरून गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या गाडीची अवस्था त्याहून कठीण. गंज आतून बाहेर येतो. रंगावर फुगा दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा संपलेला असतो.

आपल्याकडे टिंकरिंग म्हणतात त्या कामाची खरी परीक्षा येथेच होते. भोकावर जाळी ठेवून पुट्टी थापली, की गाडी दोन पावसाळे सुरेख दिसते. आत ओल मुरतच राहते. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवल्यास ही लबाडी उघडी पडते, कारण जाड पुट्टीवर ते धरत नाही.

जाणता कारागीर खोके कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून घेतो. हा आधार दिला नाही तर सांगाडा मध्ये वाकतो आणि नंतर दारे कधीच नीट बसत नाहीत. मग सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून सुमारे 1 मिलिमीटर जाडीचा नवा तुकडा आकार देऊन बसवला जातो. सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने पत्रा लहरतो. म्हणून एक टाका येथे, दुसरा दूर, मध्ये थंड होऊ देणे. ताणलेला पत्रा नाण्याएवढ्या जागी लालबुंद तापवून ओल्या फडक्याने आकसवतात. उरलेला उंचसखलपणा हातोडा आणि मागे धरलेल्या डॉलीने काढायचा. हे हातालाच कळते, डोळ्याला नाही. मेळाव्यात दाद मात्र रंगाला मिळते!

या खटाटोपाला आता कायद्याचीही बाजू आहे. जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार पहिल्या नोंदणीस 50 वर्षांहून अधिक काळ झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यासाठी 20,000 रुपये शुल्क असून नोंदणी 10 वर्षे टिकते. अट अशी, की चेसिस, बॉडी वा इंजिनात मूळ रूप बदलणारे फेरफार नसावेत. रुंद चाकांसाठी कडा कापून काढण्याची हौस त्यामुळे महागात पडू शकते.

गाडी गोव्याहून बेळगावला कामासाठी धाडणाऱ्याने खोके बंद होण्याच्या दिवशी स्वतः तेथे जावे. आत गंजरोधक प्रायमर लागला आहे ना, पाणी निचऱ्याची छिद्रे मोकळी आहेत ना, हे तेव्हाच दिसते. रंग वाळल्यावर आत पातळ मेण फवारून घ्यावे आणि दर पावसाळ्यापूर्वी ती छिद्रे तारेने साफ करावीत.